आवाज आक्काचा, शब्द कुणाचे

"हात सैल सोड, बयो. हात आवळायचा तो कणीक मळताना. चुड्यापुढं न्हाई."

हा आवाज मुकुंदानं पहिल्यांदा ऐकला तो स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, कवठेमहांकाळला, मांडवाच्या कडेला उभं राहून. नंदाआक्का आपल्या धाकट्या बहिणीच्या, सारिकाच्या, हातात हिरवा चुडा भरत होती. आवाज जाडसर, किंचित घोगरा. भरली घागर घेऊन चालताना पाणी हिंदकळावं तसा वाक्याच्या शेवटी त्यातून थोडा श्वास सांडायचा. बोलता बोलता ती ओवीवर कधी गेली ते नवरीलाही कळलं नाही.

हिरव्या गं चुड्याला, हात सैल सोड बाई
कळ येते घडीभर, मग तिची सय नाही

सारिकाची आई लवकर गेलेली. आक्कानंच तिला न्हाऊमाखू घातलं, आक्कानंच कासारकी शिकवली. पुढं करोनाच्या दुसऱ्या लाटेत आक्का गेली ती काचेपलीकडच्या खोलीत, एकटी. शेवटचं बोलणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. तिचा आवाज कुठं साठवलेलाही नव्हता. फोनवर बोल म्हटलं की ती म्हणायची, कासारणीचे हात रिकामे कधी असतात?

आणि आता, केसांत पांढरं आल्यावर, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जाड काचेच्या अलीकडं बसलेल्या मुकुंदाच्या कानावर तोच आवाज पडला.

"सारिका, हात सैल ठेव. हलू नकोस. थोडंच राहिलंय."

मुकुंद उठून उभा राहिला. त्याच्या मांडीवरची पिशवी खाली पडली आणि त्यातली संत्री यंत्र चालवणाऱ्या सलमाच्या खुर्चीखाली घरंगळत गेली.

*

हे सगळं सुरू झालं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. तासगावात कासार गल्लीत वेळापुऱ्यांचं दुकान. गल्ल्यावर मुकुंद, बांगड्या भरायला सारिका. लेक ऋतुजा लग्न होऊन पुण्याला. सारिकाचा हात असा, की आडव्या हाडाच्या बाईलासुद्धा ती बोलण्यात गुंतवून दोन आणे मापाची, अगदी लहान बांगडी चढवी, आणि बाईला कळे ते चढल्यावर. त्याच हाताला अचानक काहीतरी झालं. डावा अंगठा ऐकेना. गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगड्या वाढू लागल्या. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. मोडण्याचं नाव काढायचं नाही, ही त्या घरांची जुनी रीत. त्याही दिवशी सारिका काचा गोळा करत एवढंच म्हणाली, "आज बऱ्याच वाढल्या, अहो."

मग डोकं दुखू लागलं. पहिल्या साध्या स्कॅननंतर डॉक्टर पाटण्यांनी, जशी आपल्याकडं पद्धत आहे, पेशंटला बाहेर बसवलं आणि नवऱ्याला आत घेतलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, डावा हात जिथून चालतो त्याच्या शेजारी गाठ होती. डॉक्टरांनी रोगाचं नाव घेतलं. मुकुंदानं तो शब्द कानात घेतला, तोंडात घेतला नाही. बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला, "शिर आखडलीय म्हणतात. एक मोठा फोटो काढायचा."

तो मोठा फोटो म्हणजे एमआरआय. पहिल्या खेपेला सारिका त्या बोगद्यात शिरली आणि घाबरलं तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा दाबत बाहेर आली. "जितेपणी कुणी असं भिंतीत चिणतं का?" ती म्हणाली. "आणि काय तो दणका. तांबट आळी डोक्यात बसवलीया." दुसऱ्या खेपेला डोळ्यांवर पट्टी बांधली, तरी तेच. घाबरलेलं माणूस हलतं आणि हललं की चित्र पुसट येतं. वाहत्या पाण्यात तोंड बघावं तसं. भुलीचं औषध द्यावं तर तिच्या श्वासाला ते झेपणारं नव्हतं.

तेव्हा सलमा मुजावरनं 'सोबत' ह्या नव्या यंत्राचं नाव काढलं. सलमा ही एमआरआयची टेक्निशियन, मिरजेचीच, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. तिनं मुकुंदाला काचेमागच्या खोलीत बसवलं आणि आपल्या भाषेत समजावलं.

"काका, मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. भीतीचं ठाणं समजा. भ्यायलो की तिथं रक्त धावतं, आणि आमचं मशीन रक्ताची धावपळच बघतं. आता हे नवं यंत्र काय करतं, पेशंटच्या कानात बारीक बारीक आवाज सोडतं. शब्द नाहीत, नुसतं हं, अं, ओ. एक बाईचा, एक बाप्याचा, एक जाड, एक किनरा. प्रत्येक आवाजाला ते ठाणं वर जातंय की खाली, ते बघतं. खाली गेलं की त्याच दिशेनं आणखी पुढं सरकतं. आमचे अब्बा तंबोऱ्याची खुंटी पिळायचे तसं. थोडं पुढं, थोडं मागं, आणि मग एकदम सूर लागतो."

"कुणाचा सूर?"

"ज्या माणसाच्या आवाजानं पेशंटला सगळ्यात सुरक्षित वाटतं त्याचा. रेकॉर्डिंग लागत नाही. पेशंटच्या डोक्यात तो आवाज असतोच. आम्ही फक्त तिथवर पोचतो. कुणाला आई लागते, कुणाला मास्तर. परवा एका फौजदाराला त्यांच्या शेजारची भाजीवाली लागली. तुमच्या बाबतीत तर काय, तुमचाच लागणार."

मुकुंद हसला. त्यालाही तसंच वाटत होतं. संसार त्यानंच तर केला होता तिच्याबरोबर.

"एक विचारायचं राहिलं," सलमा म्हणाली. "आत पडल्या पडल्या पेशंट त्या आवाजाशी बोलतात. मला काय झालंय, असं विचारतात. त्यावर आवाजानं काय म्हणायचं, ते घरच्यांनी ठरवायचं असतं. मी म्हणते, 'डॉक्टर सांगतील' एवढंच ठेवू."

"नको," मुकुंद म्हणाला. "काही नाही म्हणावं. साधी गाठ आहे, आपोआप विरेल म्हणावं."

"काका, विचार करा. त्या आवाजातलं बोलणं लई आत जातं."

"पोरी, मी कासार आहे. बांगडी पंज्यावर अडकली की बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आम्ही काय म्हणतो? झालंच, ही शेवटची. मागं चार राहिलेल्या असतात. बांगडी चढेपर्यंतचं खोटं असतं ते. चढली की बाई हसते, खोटं विसरून जाते. नाहीतर तिनं हात ओढून घेतला तर काच कुणाच्या हातात घुसायची?"

सलमानं तसं यंत्राला सांगितलं.

*

म्हणून त्या दिवशी नंदाआक्का बोलली आणि मुकुंद उभा राहिला. काचेपलीकडं बोगद्यातून बाहेर आलेली सारिकाची पावलं त्याला दिसत होती. आधीच्या दोन्ही खेपांना वळलेली ती बोटं आता सैल पडली होती, मळ्यात दुपारी निजलेल्या बाईसारखी.

"आक्का?" स्पीकरमधून सारिकाचा आवाज आला. "आक्का, मला काय झालंय गं?"

"काही नाही, सारिका. साधी गाठ आहे. आपोआप विरेल."

"खरंच?"

"खरंच. हलू नकोस."

चित्र लख्ख आलं. सलमानं खाली वाकून संत्री गोळा केली आणि एकेक करून त्याच्या पिशवीत ठेवली. "माहेरचं कोण का?" तिनं हळूच विचारलं. मुकुंदानं मान डोलावली. खरी आक्का बहिणीला बयो म्हणायची, सारिका कधीच नाही, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या मनात दुसरंच घोळत होतं. आपला आवाज लागला नाही.

परतीच्या एसटीत सारिका खिडकीशी बसली. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा मोकळा दिसला नव्हता. द्राक्षांच्या बागा मागं जात होत्या आणि ती आपली हसत होती, मधेच डोळे पुसत होती.

"मला वाटलं तुझ्या डोक्यात मी असेन," मुकुंद म्हणाला.

"तुम्ही? तुमच्या आवाजात बोललं असतं तर मी म्हटलं असतं, आलं गिऱ्हाईक, उठा आता." तिनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. मग हलकेच म्हणाली, "रागावू नका हो. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं मला."

*

पाटण्यांनी नव्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं. गाठ अजून एका बाजूलाच होती. दिवाळीच्या आत काढली तर वर्ष-दोन वर्षं, कदाचित जास्त. मधला पडदा ओलांडून ती पलीकडं गेली की मग चाकू लावण्यात अर्थ नाही. मात्र ऑपरेशनला पेशंटची स्वतःची संमती हवी.

मुकुंदानं घरी येऊन बायकोला सांगितलं. अर्थात त्याच्या रीतीनं. "एक छोटंसं ऑपरेशन करून टाकू म्हणतात. म्हणजे डोक्याचा ताप मिटला."

सारिका शेंगा फोडत बसली होती, एकाच हातानं. "कशाला?"

"गाठ आहे ना."

"साधी आहे. विरेल."

"कोण म्हणालं?"

"आक्का."

"अगं, ते मशीन आहे. आक्का कुठली?"

"मला काय येडी समजता? मशीन आहे ते मला कळतं." तिनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "पण तुम्हीच सांगा. डॉक्टर फोटो बघतो. फोटोत काय दिसायचं ते दिसतं. ही तर माझ्या डोक्याच्या आत शिरून बोलते. डोक्याच्या कोपऱ्यातनं तिनं आक्काचा आवाज हुडकून काढला, जो मलाबी धड आठवत नव्हता. जिला तो सापडला, तिला गाठ कसली आहे ते कळत नसेल? आणि आक्काच्या आवाजात खोटं बोलायची कुणाची छाती आहे?"

मुकुंदाला बोलता आलं असतं. माझी, एवढं एकच म्हणायचं होतं. तो उठला आणि उगीचच दुकानाचं शटर बघून आला.

पावसाळा त्याच एका वादात गेला. ऋतुजा पुण्याहून फोनवर चिडायची, "बाबा, आईला खरं सांगा. मी येऊन सांगू का?" मुकुंद म्हणायचा, तू मधे पडू नको, मी करतो बरोबर. तो देवळातल्या गुरवाला घेऊन आला, शेजारच्या नर्सबाईंना घेऊन आला. सारिका सगळ्यांना चहा पाजायची आणि म्हणायची, आधी पुन्हा एकदा फोटो काढू, आक्का काय म्हणते बघू. तिला बोगद्याची भीती उरलीच नव्हती. उलट तिकडं जायचं ठरलं त्या दिवशी ती सकाळीच न्हाऊन तयार झाली. सासरी गांजलेली पोर माहेरी निघावी तशी.

*

पावसाळा सरता सरता, आक्काच्या आवाजातल्या दुसऱ्या फोटोच्या वेळी सारिका आत गेली आणि काचेमागं मुकुंदानं सलमापुढं हात जोडले. "आता तिला आक्काकडूनच सांगायला लाव. ऑपरेशन कर म्हणावं. आजाराचं खरं नाव पण सांग म्हणावं."

सलमानं स्पीकरचा आवाज बारीक केला. काचेपलीकडं सारिका बोलत होती, त्यातले शब्द तुटक तुटक येत होते. "...ती ओवी म्हण की, आक्का. चुड्याची." आणि उत्तर येत होतं, "सारिका, शांत राहा. थोडंच राहिलंय." यंत्राला ओवी कुठून ठाऊक असणार.

"सांगायला लावता येईल," सलमा म्हणाली. "पण दोन गोष्टी ऐका. एक म्हणजे, आठवण ही पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी नसते. तुमच्या लाखेच्या बांगडीसारखी असते. दरवेळी आठवलं की ती निखाऱ्यावर धरल्यासारखी मऊ होते, आणि परत थंड होताना जे बोट लागलं त्याचा ठसा घेऊन बसते. ह्या यंत्रावर वारंवार येणाऱ्यांचं आता असं दिसायला लागलंय. खरा आवाज पुसला जातो, आमचा उरतो. तुम्ही ही बातमी आक्काच्या तोंडून दिलीत, तर आक्का म्हटलं की सारिकामावशींना हीच बातमी ऐकू येणार. शेवटपर्यंत."

मुकुंद काचेकडं बघत राहिला.

"आणि दुसरी?"

सलमानं पडद्यावरची एक रेघ बोटानं दाखवली, मग बोट मागं घेतलं. "सांगावं की नाही कळत नाही. पहिल्या दिवशी यंत्र आवाज शोधत होतं ना, तेव्हा वाटेत ते तुमच्या आवाजाच्या अगदी जवळनं गेलं. भीती खाली नाही गेली, काका. एकदम वर गेली. मला नवल वाटलं. मी म्हटलं, घरात मारहाण आहे की काय."

"मी आयुष्यात हात उचललेला नाही तिच्यावर."

"ते दिसतंयच. मग माझ्या लक्षात आलं. आपल्यापासून कुणी काहीतरी लपवत असलं तर माणसाला कळत नाही. पण त्या बदामाला कळतं. तुमचा आवाज ऐकला की त्यांना भीती वाटते, कारण तुमच्या आवाजातच काहीतरी दडलंय."

 आत नळीत त्याची बायको मेलेल्या बहिणीच्या कुशीत शांत पडली होती, कारण जित्या नवऱ्याच्या आवाजाचं तिला भय वाटत होतं.

त्या दिवशी आलेलं चित्र बघून पाटणे बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. गाठीची कड मधल्या पडद्याला टेकली होती. अजून ओलांडलेला नव्हता. "ह्या महिन्यात केलं तर मी हात घालीन," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात मला विचारू नका."

परत येताना एसटीत सारिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, आक्का मला काय म्हणायची हो?"

"म्हणजे?"

"हाक कशी मारायची? ही सारिका म्हणते. पण आधी काहीतरी वेगळं म्हणायची असं वाटतं. बाई म्हणायची का? माझ्या ओठांवर येतं आणि जातं." तिनं डाव्या हाताची न मिटणारी बोटं उजव्या हातानं मिटवली. "तुम्हाला आठवतंय?"

मुकुंदाला आठवत होतं. लग्नमांडवापासूनचं सगळं आठवत होतं. पण एकदा तोंड उघडलं तर तेवढ्यावर थांबणार नाही, हे त्याला कळलं आणि भरल्या गाडीत तो म्हणाला, "बघू घरी गेल्यावर."

घरी गेल्यावर त्यानं बघितलं नाही.

*

आठवड्यानं सारिकानंच हट्ट धरला, मिरजेला चला. डोकं फार दुखत होतं आणि दवाखान्यातल्या गोळ्यांपेक्षा तिला त्या नळीतला गारवा हवा होता.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. नियमाप्रमाणं अंगावर धातूचं, चमकीचं काही ठेवायचं नव्हतं. सारिकानं मंगळसूत्र काढून दिलं, कानातलं दिलं. चमकीच्या बांगड्या उतरवताना डावा हात साथ देईना म्हणून तिनं तो मुकुंदापुढं केला. रिकामं मनगट नको म्हणून येताना तिनं एक हळदीचा दोरा पिशवीत टाकला होता. तो बांधता बांधता मुकुंदाच्या बोटांना तिच्या हाडाची काडी लागली. केवढी बारीक झाली होती ती.

"नीट बांधा," ती म्हणाली. "आत सुटला तर आक्का ओरडेल."

"बयो," मुकुंद म्हणाला.

सारिकानं वर पाहिलं.

"ती तुला बयो म्हणायची. कायम. रागावली तरी."

"बयो," तिनं म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. परक्याच्या अंगावरचं कापड चाचपावं तशी. "व्हय का? मग ही का म्हणत नाही?"

"कारण ही आक्का नाही. तू मला सांगितलंस, ही डोक्याच्या आत बघून बोलते. तसं नाही. आवाज तेवढा तुझ्या डोक्यातला. शब्द मी घातलेत."

आतून सलमानं दार किलकिलं करून पाहिलं आणि ते पुन्हा लावून घेतलं.

"कुठले शब्द?" सारिकानं विचारलं. तिचा हात अजून त्याच्या हातात होता, पण मनगट ताठ झालं होतं.

"साधी गाठ आहे, विरेल. ते माझे. मी पोरीला सांगून घालायला लावले. तुझ्या आक्कानं तुला कधी खोटं सांगितलं नाही. तिच्या तोंडी मी घातलं."

 कॉरिडॉरमधून एक स्ट्रेचर गेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. सारिका त्या चाकाकडं बघत राहिली, ते वळणापलीकडं जाईपर्यंत.

"म्हणून तुमचं तोंड असं झालं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, दुसरी कोणतरी बघितली काय ह्यांनी. उन्हाळ्यापासून मी तुमच्या फोनकडं बघत होते."

मुकुंदाला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं.

"का केलंत असं?"

"तू भिशील म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. ऋतुजाला, डॉक्टरला. ते खरं नाही. तू भ्यालीस तर तुला धरायला मी पाहिजे, आणि माझेच पाय लटपटत होते."

 सारिकानं हात सोडवून घेतला नाही, उलट दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची त्या सरळ आवाजात म्हणाली, "आता नाव सांगा. तुमच्या आवाजात सांगा. मला आत जायचं नाही त्याशिवाय."

त्यानं तोंड उघडलं. शब्द कानात होता, उन्हाळ्यापासून होता. जिभेवर यायला त्याला फार वेळ लागला.

"कॅन्सर आहे, सारिका," मुकुंद म्हणाला. "ऑपरेशन केलंस तर थोडी वर्षं आहेत. नाही केलंस तर दिवाळी बघशील की नाही, ते मला माहीत नाही."